बादलीतलं ससाण्याचं पिल्लू

"अगं भवाने, हे काय उचलून आणलंस?" थोरली बादलीत डोकावली आणि किंचाळलीच.

उंच इमारतींच्या काचा पुसणाऱ्या या दोघी सख्ख्या बहिणी. त्यांच्या कामाचा दंडकच असा, की कठड्यावर सुटं दिसेल ते बादलीत घालून खाली न्यायचं. वरून साधा खिळा पडला तरी खालच्याचं डोकं फुटायचं. धाकटीने आज तो दंडक लावला, तोही ससाण्याच्या पिल्लाला!

"एकटंच ओरडत होतं गं. चांगले पंख फुटलेत, तरी उडेना. मला वाटलं, आईबापांनी टाकलंय."

"टाकलंय म्हणे! पंख फुटले म्हणजे पोट भरायची अक्कल येते होय? उडायला लागल्यावरही कित्येक आठवडे आयतं खातात ही. शिकार शिकवूनच आईबाप सोडतात. आपण काय शिकवणार त्याला, काचा पुसायला? मरेल ते!"

मुकादम काचा पुसायच्या टांगत्या झुल्याची वीज बंद करून निघालाच होता. धाकटी धावत त्याला आडवी गेली.

"काका, एकदाच वर सोडा! पाया पडते!"

"पाया नको पडू, पट्टा बांध," तो खेकसला, पण बटण दाबलं बिचाऱ्याने.

झुला वर पोहोचला. बादलीतून काढताना पिल्लाने धाकटीच्या बोटाचा लचका तोडला. त्याला कठड्यावर ठेवून दोघी झुला बाजूला घेऊन बसल्या. मादी आली ती सुसाट, आणि तशीच निघून गेली.

"गेली! आता नाही घेणार ती त्याला!" धाकटी रडकुंडीला आली.

"गप गं. बघत राहा."

मादी परत आली. पंजात कसलंसं पाखरू! पण कठड्यावर उतरेल तर शपथ. नुसती समोर घिरट्या घालत राहिली. पिल्लू ओरडून ओरडून बेजार.

"दे ना गं बाई, दे ना!"

"बोलावतेय ती त्याला. फुकट नाही द्यायची."

आणि पिल्लाने उडीच टाकली! दगडासारखं खाली गेलं, मग पंख उघडले, धडपडत वर आलं. मादीने भक्ष्य सोडलं आणि पिल्लाने हवेतच झडप घातली.

"पकडलं! अगं पकडलं!" धाकटी अशी नाचली की झुला हेलकावला आणि खालून मुकादमाच्या शिव्या सुरू झाल्या.

पिल्लू कठड्यावर परतलं. घासावर पंख पसरून बसलं आणि धाकटीकडे बघून असं काही फिस्कारलं, जणू ती त्याच्या तोंडचं पळवणार होती. तिला हसू आवरेना, डोळ्यांतलं पाणी तर त्याहून नाही.

"खा रे राजा," ती म्हणाली, "आईने आणलंय."