जुम्म्याचा फोन

शरीफचा अर्बाब, म्हणजे अरब मालक, मोठा दिलदार, असं सगळे म्हणायचे. असेल. दुसऱ्याच्या जिवावर दिलदार व्हायला काय जातं? मस्कतला वादी अदाईतल्या त्याच्या घरी शरीफ उमेदीची सगळी वर्षं रांधत आला होता. दोन हजार तीन साली लेकीच्या निकाहासाठी म्हणून त्यानं रजा मागितली, आणि मिळालीही. तेवढ्यात मालकिणीनं टीव्हीवर पॅसिफिक महासागरातलं कुठलंसं बेट पाहिलं आणि झालं! तिथलं मटण हलाल असेल-नसेल, म्हणून स्वयंपाकी बरोबर हवा. पासपोर्ट अर्बाबच्या कपाटात. शरीफ बोलणार कुणाच्या जोरावर?

"निकाह जुम्म्याला ना? तिथून फोन कर. वल्ला, मी स्वतः लावून देतो," अर्बाब म्हणाला.

आता हा फोन म्हणजे काही साधी गोष्ट नव्हती. हे स्थळ आलं तेव्हा शरीफनंच ते उडवून लावलं होतं. मुलगा सादिक, इब्रीत दुकान. "आखातातला जावई नको. तू जन्मभर माझी वाट बघितलीस तेवढी पुरे," म्हणून त्यानं बायकोसमोर, हवाबीसमोर, आदळआपट केली होती. लेक उमामा हटून बसली, तेव्हा कुठं तो नरमला. तरी बाप मनातून राजी आहे की नाही, याची गावात, जयगडला, घरोघर कुजबुज होती. म्हणून असं ठरलं की जुम्म्याला दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर, शरीफनं फोनवरून सगळ्यांच्या कानावर इजाजत घालायची, मगच काझीनं निकाह पढवायचा.

बेटावर उतरल्यावर तर त्याचं डोकंच फिरलं. अर्ध्या जगाला वळसा घालून बघायला काय आले, तर माड, नीरफणस आणि वाळू! हे सगळं जयगडला त्याच्या परसात होतं, आणि तिथं लेकीच्या हाताला मेंदी लागत होती. प्रवाळाच्या कड्याआड अडलेल्या निळ्या, संथ पाण्याला तिथं लगून म्हणत. मालकीण त्यात पाय सोडून बसायची आणि "सुभानल्ला" म्हणत राहायची. शरीफ चुलीपाशी घामाघूम होऊन मनातल्या मनात शिव्या हासडायचा.

जुम्म्याला त्यानं अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि असर पढून हॉटेलच्या काउंटरवर गेला. अर्बाबनं शब्दाप्रमाणे फोन लावून दिला.

"काझी आला?" त्यानं हवाबीला विचारलं. "सगळ्यांना जवळ बोलाव. मी इजाजत देतो."

"कसली इजाजत? निकाह काल झाला."

"आज जुम्मा हाय."

"जुम्मा काल झाला. इथं शनिवारची सकाळ हाय. वऱ्हाड दिवस मावळून मगरिब होईपर्यंत ताटकळलं. शेवटी तुमच्या जागी तुमचा भाऊ यासिर उभा राहिला."

काउंटरवरच्या बाईनं अर्बाबला सांगितलं आणि अर्बाबनं शरीफला: तारीख बदलते त्या रेषेच्या हे बेट पार पलीकडच्या अंगाला, इथं वार एक दिवस मागं चालतो. विमानातही तसं सांगितलं होतं म्हणे, इंग्रजीत. "अरे हो, मी तुला सांगायचं विसरलो," अर्बाब म्हणाला आणि हसला. शरीफच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पोर काय बोलली?" त्यानं हवाबीला विचारलं.

"निघताना एवढंच बोलली. बाबा अजून माझ्यावर रागावलेत का?"

फोन ठेवला तसा अर्बाबनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "मबरूक. काल काय नि आज काय, निकाह झाला ना? खलास. यल्ला, जेवण लाव."

"आज काय नि उद्या काय," शरीफ म्हणाला. "जेवण उद्या."

इतक्या वर्षांत त्यानं उलट उत्तर दिलं नव्हतं. शरीफनं सादिकच्या घरचा नंबर सांगितला आणि बाईला तो फिरवायला लावला. बऱ्याच वेळानं उमामा फोनवर आली.

"मी रागावलो नाय तुझ्यावर," तो म्हणाला.

"मग ओरडता कशाला, बाबा?"

"कोण ओरडतंय? रागावलो नाय म्हणून सांगतोय ना!"

काउंटरवरची बाई दचकून मागं सरली. तिकडं उमामा सासरच्या माणसांदेखत हुंदके द्यायला लागली, आणि इकडं शरीफला काही केल्या आवाज खाली आणता येईना.