डाव्या बाजूचं दार

जॅकचा दांडा हातात धरून नरेलने भावाला फर्मावलं, "बस आत."

"बसतो ना बाईसाहेब. दोन घास खाऊ तरी द्याल?" डॅरिलच्या हातात सॉसेज रोल होता आणि हनुवटीवर त्याचा टोमॅटो सॉस.

"खात खात बस."

हा त्यांच्या वडिलांच्या शेडचा नियम होता. वर्नने आयुष्यभर या शेडमध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्गोच्या खोऱ्यातल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गाड्या दुरुस्त केल्या. गाडीला स्लायडर लावले, म्हणजे दारांच्या खाली दोन्ही बगलांना जाड लोखंडी दांडे बसवले, की ज्याने ते बसवले त्याने आत बसायचं आणि ज्याची गाडी त्याने त्याच दांड्याला जॅक लावून गाडी उचलायची. आतल्याने मग दार उघडून दाखवायचं. नेहमीसारखं उघडलं तर काम झालं.

मुलं लहान असताना वर्न त्यांना सांगायचा, गाडीचं गणित सोपं असतं. खाली चेसिस असते, जाड लोखंडाची चौकट. सगळं वजन तिने पेलायचं. वरची बॉडी म्हणजे नुसता बिस्किटांचा डबा. डबा चेपला की झाकण अडकतं. म्हणून दगडावर आपटायचं ते चेसिसला बांधलेल्या लोखंडाने, दाराखालच्या पत्र्याने नव्हे.

दोन वर्षांपूर्वी नेमका तो पत्राच आपटला होता. वाकड्या नदीच्या उतारावर नरेलच्या गाडीचं डावं चाक खड्ड्यात गेलं आणि गाडी बाजूने खडकावर बसली. दाराखालचा पत्रा आत गेला, दार अडकलं आणि त्या दाराशी वर्न बसला होता. नरेलच्या बाजूने नदीचा लोंढा दाराला रेटत होता. पाणी वर्नच्या छातीपर्यंत चढलं तेव्हा कुठे मागून आलेल्या गाडीतल्या माणसांनी काच फोडून त्याला ओढून काढलं.

तेव्हापासून वर्न नदीपलीकडे गेला नव्हता. तरुणपणी स्वतःच्या हातांनी बांधलेली लाकडी झोपडी पलीकडे, त्याचा ट्राउट माशांचा डोह पलीकडे, आणि हा अलीकडे अक्रोडाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसायचा. या शरद ऋतूत मात्र तो आपणहून म्हणाला होता, "स्लायडर लाव. मग बघू." एवढ्या तीन-चार शब्दांवर नरेलने गाडी डॅरिलच्या हवाली केली होती. आज सकाळी तिने वडिलांना दाढी करताना पाहिलं होतं. गळ्यापर्यंत, नीट.

डॅरिल चालकाच्या जागी बसला. नरेलने उजव्या स्लायडरखाली जॅक लावला आणि दांडा खालीवर करू लागली. गाडी तिरपी होत वर आली. डॅरिलने दार ढकललं. लोण्यासारखं उघडलं.

"बघ! तुझ्या भावाचं काम आहे हे. कर आता माझं कौतुक."

"खाली उतरवते. मग डावीकडे बस."

"अगं, दोन्ही बाजू सारख्याच असतात. एक बूट बसला की दुसराही बसतो. माझी माणसं पबमध्ये वाट बघतायत."

नरेलने त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस जेव्हा घाई करतो तेव्हा त्याचे कान लाल होतात, हे तिला तो पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं. तिने गाडी खाली घेतली, टॉर्च उचलला आणि डावीकडून गाडीखाली सरपटत गेली.

खाली सगळीकडे ताजा काळा रंग फासलेला होता. डाव्या स्लायडरला चेसिसपर्यंत जाणारे तीन पाय असायला हवे होते. पुढचा होता, मागचा होता. मधला, दाराच्या बरोबर खालचा, कापलेला होता. त्याचा उरलेला खुंट दाराखालच्या पत्र्याला स्क्रूने आवळून टाकला होता. म्हणजे खडक आदळला की दांडा वाकणार आणि तो खुंट पत्र्यातच घुसणार.

ती बाहेर आली.

"मधला पाय कुठाय?"

"कुठला?"

"डॅरिल!"

"अगं, डिझेलची नळी मध्ये येते तिथे. नळी हलवायची म्हणजे क्लिपा काढा, नवं भोक पाडा, अख्खा दिवस जातो. दोन पाय पुष्कळ झाले. तुझी बाजू मी एकदम पक्की केलीय, शपथ."

"माझी बाजू? माझी बाजू कोणी मागितली होती तुझ्याकडे? मी ज्या दारासाठी गाडी दिली, तेच दार तू सोडलंस! वर रंग फासलास! चुकलं नाहीये तुझं, गाढवा, तू लपवलंयस!"

"ओरडू नकोस."

"ओरडणार! त्या सीटवर कोण बसतं?"

"कोण बसतं?" आता डॅरिलचाही आवाज चढला. "कोणीच नाही बसत! दोन वर्षं तिथे तुझा डबा बसतो आणि थर्मास बसतो. बाबा आता नदीपलीकडे जाणार आहेत का? त्यांनी तुला गप्प करायला म्हटलं ते, स्लायडर लाव. म्हातारा माणूस घाबरलाय, संपलं. तुला एकटीलाच दिसत नाही!"

उत्तर द्यायला नरेल वळली आणि तिची नजर बाहेर गेली. शेडच्या दारात वर्न उभा होता. डोक्यावर जुनी हॅट, हातात गळाची काठी, पायांत उंच रबरी बूट.

डॅरिलचे कान आता पांढरे पडले.

वर्नने काठी भिंतीला टेकवली. चालत आला, डावं दार उघडलं, मोठ्या कष्टाने पाय आत घेतला, बसला आणि दार लावून घेतलं. काचेमागून म्हणाला, "नरेल, उचल."

नरेल जागची हलली नाही. जॅकला हात घातला तो डॅरिलने, दूर ओढायला.

"बाबा, उतरा खाली."

"का?"

"उतरा म्हणतोय ना."

"का उतरू? तू बसवलंयस ना? मला गाडीचं काय कळतं, मी घाबरलेला म्हातारा."

डॅरिलने जॅक सोडला. मग अगदी हळू म्हणाला, "दार अडकेल."

"हे सांगायला तू नदीत येणार होतास?"

वर्न खाली उतरला आणि दार धरून उभा राहिला. "बस."

डॅरिल बसला. नरेलने बरोबर त्या खुंटाखाली जॅक लावला. तिने दांड्यावर असा जोर काढला की जणू भावाचीच मान खाली दाबते आहे. गाडी वर येता येता पत्रा कुरकुरला, मग कडकन आवाज झाला आणि दाराखाली मुठीएवढा खळगा पडला.

"उघड," वर्न म्हणाला.

डॅरिलने दार ढकललं. खांदा लावला. दोन्ही पाय लावले. दार ढिम्म. कपाळावर घाम आला तसा तो पलीकडच्या सीटकडे सरकू लागला.

वर्नने खिडकीच्या काचेवर टकटक केलं. "तिकडे नदी आहे. तिकडून लोंढा येतोय. तुझं दार हे."

आणि तो पाठ फिरवून किटलीत पाणी भरायला गेला. नरेलही गेली. चहा होईपर्यंत मागून दारावरच्या धडका ऐकू येत होत्या, मग शिव्या, मग नुसत्याच धडका, मग काहीच नाही. नरेलने कपातून मान वर करून पाहिलं. डॅरिल दाराच्या आतल्या मुठीवर हात ठेवून नुसता बसला होता.

वर्नने पहार उचलली, दाराच्या फटीत घातली आणि दार उचकटलं. "नळी कुठून वळवायची ते दाखवतो," एवढंच म्हणाला.

दुपार त्यातच गेली. त्यांनी डिझेलची नळी चेसिसच्या वरच्या अंगाने फिरवली, नवा पाय कापला, चेसिसला बोल्टने आवळला, पत्रा ठोकून सरळ केला. नरेल फक्त कामापुरतं बोलत होती: "पाना दे. तो नाही, मोठा." पबमधून डॅरिलला दोनदा फोन आला, त्याने उचलला नाही. शेवटी डॅरिल पुन्हा आत बसला, तिने गाडी पुन्हा उचलली आणि दार उघडलं. तिने शाबासकी दिली नाही.

अंधार पडायच्या आत ते नदीवर पोहोचले. वर्न डाव्या सीटवर, डॅरिल मागे माशांची पेटी मांडीवर घेऊन. नरेलने त्याला बोलावलं नव्हतं. तो चढून बसला होता आणि तिने ढकलून दिलं नव्हतं, इतकंच. उतारावर वर्नने दाराची मूठ घट्ट धरली. पाण्यात शिरताना त्याचे डोळे मिटलेले तिला दिसले. नदीच्या मध्यावर तोच खडक आला. डाव्या बगलेतून लोखंड करकरत घासत गेलं, गाडी हेलपाटली आणि त्या दांड्यावर तोल सावरून थांबली.

तेवढ्यात वर्नने दार उघडलं. सताड.

थंडगार पाणी भसकन आत आलं, नरेलच्या बुटांवरून मागे डॅरिलच्या पायांपर्यंत.

"बाबा! वेड लागलंय का तुम्हाला? मधोमध? लावा ते! लावा आधी!"

वर्नने दार लावलं. पुन्हा उघडलं. पुन्हा लावलं.

"उघडतंय," तो म्हणाला. "चल."

नरेल दात-ओठ खात, दोघांनाही शिव्या देत, गिअर टाकून पलीकडच्या काठाला लागली.