शून्य लिटर

ताईच्या नावापुढे शून्य दिसलं आणि माझा हात माऊसवरच थबकला.

पाणीपुरवठा कार्यालयात मी नोंदी तपासते. नवे मीटर बसल्यापासून कोणाच्या दारात जावं लागत नाही. दर पंधरा मिनिटांनी प्रत्येक घराचा आकडा आपल्या पायांनी चालत पडद्यावर येतो. कोण कधी उठतं, कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाचं पोट बिघडलंय, सगळं त्यात दिसतं. शेजारच्या टेबलावरच्या काकांनी तीस वर्षं घरोघरी हिंडून मीटर वाचले. ते म्हणतात, "मीटर वाचावा, घर वाचू नये. पूर्वी दार उघडणारं माणूस समोर असायचं, डोळे आपोआप खाली जायचे. आता लाज वाटायला समोर आहे कोण?"

त्या दिवशी मी गळतीची यादी बघत होते. ताईची गल्ली माझ्याकडेच आहे. काल सकाळी सहापासून तिच्या घरी थेंबभर पाणी वापरलं गेलं नव्हतं. भाऊजी गेल्यापासून ती एकटीच राहते, त्यात गुडघे हे असे. न्हाणीघरात पडली असेल तर? जिन्यात जाऊन फोन लावला.

"ताई, काय करतेस गं?"

"काय करणार, भांड्यांचा ढीग उपसतेय. ओल्या हाताने फोन धरलाय, लवकर बोल."

जीव भांड्यात पडला. परत येऊन पडद्याकडे पाहिलं. शून्यच. मग भांडी काय वाऱ्यावर घासत होती?

ती सुखरूप आहे, एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण मन एकदा उधळलं की देवाचंही ऐकत नाही. कोणाच्या जुन्या नोंदी उघडायच्या तर कारण निवडावं लागतं: गळती, बिल, बंद मीटर, ग्राहकाची तक्रार. बहिणीची काळजी असं कारण त्यात नाही. मी 'ग्राहकाची तक्रार' निवडलं. खाली बारीक अक्षरांत काहीतरी होतं, ते वाचायला मला धीर कुठला!

वर्ष उलगडलं. दर महिन्याला दोन दिवस शून्य. गेले अकरा महिने, न चुकता. आणि त्यातल्या प्रत्येक दिवशी मी तिच्याशी फोनवर बोलले होते, प्रत्येक वेळी ती घरातच होती म्हणे.

"कोणाचं घर आहे गं?" काकांनी चष्म्यावरून विचारलं.

"तक्रार आहे एक."

"तुझ्या चेहऱ्यावर दिसतेच आहे."

पुढचे दोन दिवस मी घरात वाळूवर पडलेल्या मासोळीसारखी होते. दूध उतू गेलं, किल्ली कुलपातच राहिली. सकाळी देवापुढे हात जोडले तरी मिटल्या डोळ्यांपुढे शून्यंच. दवाखान्यात जात असेल का? कोणाकडे जात असेल? डाळीत मीठ जास्त पडलं तरी मी तिला सांगते, आणि तिने वर्षभर एवढं लपवावं? राग यायचा, मग त्या रागाचीच लाज वाटायची.

तिसऱ्या दिवशी ताईचाच फोन आला. "कामावरून थेट इकडे ये."

दार उघडून ती आत वळली. टेबलावर तिचा फोन होता. तो तिने माझ्यापुढे सरकवला. आमच्याच कार्यालयाचा संदेश: 'आपल्या तक्रारीवरून आपल्या वर्षभराच्या नोंदी कर्मचाऱ्याने पाहिल्या. तक्रार आपलीच होती का? हो / नाही.'

बारीक अक्षरांत काय होतं ते मला आता कळलं.

"मी तक्रार केली नाही, भिंगरे," ताई म्हणाली. मी लहानपणी एका जागी बसत नसे, तेव्हापासून मी भिंगरी. "माझा नळ ठणठणीत आहे. आणि ही गल्ली कोणाकडे आहे, ते तूच सांगितलंयस."

"मी घाबरले गं. वाटलं, तू पडलीबिडलीस."

"म्हणून फोन केलास, बरं केलंस. मी बोलले, म्हणजे जिवंत होते. मग वर्ष कशाला उघडलंस?"

"आधी खोटं तूच बोललीस! म्हणे भांडी घासतेय!"

"बोलले. माझ्या घराबद्दल मी बोलले. तू माझ्या घराबद्दल खोटं लिहिलंस, ते एकच झालं का?" ती खुर्चीत टेकली. "लहानपणी माझी वही वाचायचीस, तेव्हा निदान पलंगाखाली तरी लपायचीस."

मला हसूही येईना, रडूही येईना.

"'नाही' दाबलं तर काय होतं?" तिने विचारलं.

"चौकशी. नोकरी जाईल बहुतेक."

"आणि 'हो' दाबलं तर?"

"काही नाही. विषय संपला."

"दुपारपासून त्या 'हो'वर बोट धरून बसलेय. तुझं घर त्या नोकरीवर चालतं, मला काय कळत नाही? पण हो म्हटलं तर कागदावर राहील की मीच तुला आत बोलावलं. आणि मी बोलावलं नव्हतं."

'हो दाब ना ताई, पुन्हा नाही करणार,' हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. तिने दाबलंही असतं. आजवर माझ्यासाठी तिने काय नाही केलं? आणि उद्यापासून तोंड धुतानासुद्धा तिला वाटलं असतं, मी बघतेय.

"'नाही' दाब," मी म्हटलं.

"विचार करून बोलतेयस?"

"विचार केला तर हो म्हणेन. तू दाब."

तिने दाबलं. फोनने आभार मानले. थोड्या वेळाने माझ्या पिशवीत फोन वाजला: उद्या सकाळी दहाला मुख्य अधिकारी मॅडमच्या खोलीत हजर राहावे. मी तो ताईला दाखवला.

"दहा म्हणजे बरं आहे," ती म्हणाली. "जेवून जाता येईल."

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी कुठे जाते ते विचारायचंय ना?"

"हो."

"फार?"

"जीव जातोय, ताई."

"जाऊ दे मग." ती पहिल्यांदाच हसली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली.

स्वयंपाकघरात नळ सुटला. सवयीने मनातल्या मनात लिटर मोजायला लागले. मी उठले आणि मधलं दार ओढून घेतलं.