मी वर जाऊन राहिली

निधीने झोपलेलं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं, दुपटं नीट केलं आणि बुटाचे बंद बांधायला वाकली. वाकल्या वाकल्याच म्हणाली, "आई, तू गाडी में ही बैठ ना. बेबी सो रही है, हम दोनों जल्दी आ जाएंगे."

स्कॉटलंडच्या स्काय नावाच्या बेटावर, डोंगराच्या पायथ्याशी आमची गाडी उभी होती. वर काळ्या दगडाचा उंच सुळका आहे. त्याला इथले लोक म्हातारा म्हणतात. जगभरातली माणसं रेनकोट चढवून त्या म्हाताऱ्याला भेटायला निघाली होती आणि रायपूरहून एवढे समुद्र ओलांडून आलेल्या या म्हातारीने मात्र काचेआड बसायचं. वा रे न्याय!

खोटं कशाला सांगू, माझं डोकंच फिरलं. नातीवर नाही हो, ती तर जीव की प्राण. लेकीचं बाळंतपण करायलाच मी आले होते. मालिश, शेक, डिंकाचे लाडू, सगळं हौसेने केलं. राग आला तो त्या "बैठ ना"चा. जन्मभर तेच ऐकत आले.

रायपूरजवळच्या आमच्या बीरगांवहून आम्ही दरसाल डोंगरगडला, प्रज्ञागिरीवर जायचो. सगळे वर बुद्धमूर्तीपाशी जायचे आणि मी खाली झाडाखाली, चपला आणि डबे राखत. आधी निधी अंगावर पीत होती, मग सासूबाईंचे गुडघे, मग आमच्या यांचा दम. सिलतऱ्याच्या लोखंडाच्या प्लांटची धूळ बाबारावांच्या छातीत बसली होती. तू जाऊन ये, मी बसतो, असं ते म्हणायचे. पण धापा टाकणाऱ्या माणसाला सोडून पाय निघतो का? ते गेले, तरी माझी जागा काही बदलली नाही. शेजारची शांता न विचारताच पिशवी माझ्या पुढ्यात ठेवून वर जायची. मी रायपूरच्या मंत्रालयात टायपिस्ट होते, आमचं राज्य नवीन झालं तेव्हापासून. साहेबाची चूक त्याच्या तोंडावर सांगायची. टेकडीखाली मात्र माझी गोगलगाय व्हायची.

मी बाळ उचललं आणि जावयाच्या, गौतमच्या हातात दिलं.

"पोट्टीले तुम्ही पाहा. मी वर जाऊन राहिली."

निधीने गुडघे काढले, बीपी काढलं, निसरडी वाट काढली. गौतम बिचारा सोबत येतो म्हणाला, मी नको म्हटलं. त्याने आपला रेनकोट मला घातला. निधीने माझा हात धरला.

"गिर गई तो?"

"पडली तर उठीन. आजवर काय कमी पडली का मी?"

पदर खोचला आणि निघाले. वारा असा की बोलायला तोंड उघडावं तर श्वासच हिरावून घ्यावा. चिखल, सुटे दगड, वर भुरभुर पाऊस. काठी टेकत उतरणाऱ्या एका गोऱ्या आजोबांनी काहीतरी विचारलं. मी होकाराची मान हलवत "हव" म्हटलं आणि पुढे गेले. अर्ध्यात मांड्या थरथरायला लागल्या. एका दगडावर बसले आणि खरंच घाबरले. परत फिरले असते तर कुणी नावं ठेवली नसती. निधी तर म्हणाली असती, बरं केलंस आई. तेच मला नको होतं. उठले.

वर पोचले आणि बघते तर धुकं! हाताचं बोट दिसेना. म्हातारा कुठे आणि समुद्र कुठे. माणसं हिरमुसून परत फिरत होती. मी चाचपडत पुढे गेले, गारठलेल्या ओल्या कातळावर तळहात टेकवला आणि मनसोक्त रडले. बाबाराव हवे होते म्हणून रडले, आणि पोचले म्हणूनही.

खाली आले तेव्हा निधीचे डोळे लाल होते. भांडेल वाटलं, भांडली नाही. थर्मासमधला चहा ओतून कप माझ्या हातात दिला.

"क्या दिखा ऊपर?"

"काहीच नाही दिसलं. धुकंच धुकं. उद्या परत जाईन."

तेवढ्यात गाडीत बाळ रडायला लागलं. निधीने सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी चहाचा घोट घेतला. गौतम उठला.