न दिसणारे स्क्रू

वादळ संध्याकाळी धडकणार, शाळेपासून शेवटची बस बाराला सुटणार, हे सकाळपासून भोंग्यावर शंभरदा सांगून झालं होतं. पण सुताराचं घड्याळ वेगळंच. गल्लीतल्या चार घरांच्या खिडक्यांना त्याने फुकट फळ्या मारल्या. कुणी "मिस्त्री, हात आहे की जादू!" म्हटलं की आणखी दोन स्क्रू पिळले. कौतुकाच्या झुळकेवर हा माणूस आधीच उडालेला. खऱ्या वादळाने न्यायला उरलंय काय, असं त्याच्या बायकोला वाटत होतं.

बॅगा घेऊन ती जागा धरायला पुढे निघाली. "अकरापर्यंत आईंना घेऊन या. फक्त आईंना. रंधा नको."

साडेअकराला तो आला. हातात रंधा.

"आई कुठेत?"

"तुझ्याबरोबर नाही? ओट्यावर बसवली होती. म्हटलं, पुढे गेली असेल."

"दोन पायऱ्या उतरायला कठडा लागतो त्यांना. पुढे जातायत!"

दोघं उलटं पळत सुटली. गल्ली ओस. कुणाच्या तरी दोरीवर एकच मोजा राहिला होता, आणि वारा त्यात पाय घालून बघत होता.

त्यांच्या घराच्या दारावर फळी बसली होती. गुळगुळीत, आरशासारखी. आतून कुणीतरी तिच्यावर थापा मारत होतं.

"कवळी विसरले म्हणून आत गेले," सासूबाई ओरडल्या, "वळते तर दार बंद! हाका मारल्या तर याचं मशीन घुर्रर्र!" आणि कोंडलेल्या अवस्थेतही म्हातारीने सूर लावला:

"लेक माझा कारागीर, काम त्याचं किती भारी
आई कोंडली घरात, वर फळी ठोके दारी!"

"स्क्रू काढा," बायको म्हणाली.

त्याने फळीवरून बोटं फिरवली. पुन्हा फिरवली. स्क्रूचं डोकं दिसलं तर सुताराची अब्रू गेली, म्हणून त्याने प्रत्येक डोक्यावर भुसा आणि सरस कालवून भरला होता. वरून पॉलिशपेपर.

"सापडत नाहीत," तो म्हणाला. अशा वेळीही त्याच्या आवाजात किंचित अभिमान होता.

"वादळ काय मुलगी बघायला येतंय, म्हणून एवढं सजवलंत?"

पटाशीने खरवडून दोन सापडले. चाळीस होते. बाराला दहा कमी. खिडक्या आणि मागचं दारही त्याने असंच बंद केलेलं, म्हणून तिने परसातली कुऱ्हाड आणली आणि पहिला घाव घातला.

"अगं, सागवान आहे!"

"आणि आत तुमची आई आहे."

दुसऱ्या घावाला तो असा कळवळला, जणू घाव पाठीत बसला. तेवढ्यात आतला आवाज बदलला. सूर नव्हता, टोमणा नव्हता. "बाळा, इथे फार अंधार आहे रे."

त्याने बायकोच्या हातातून कुऱ्हाड घेतली. मग लाकूड बघितलं नाही, रेषा बघितली नाही. आयुष्यातलं सगळ्यात वाईट काम त्याने पाच मिनिटांत केलं. भगदाडातून आईला उचलून घेतलं आणि तशीच खांद्यावर टाकून पळाला.

बस हलली होती. बायको चालकाच्या काचेसमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली, तेव्हा थांबली.

सासूबाई खिडकीशी बसल्या, धापा टाकत. तो मात्र मागच्या काचेतून गल्लीकडे बघत राहिला.

"दार उघडंच राहिलं," तो पुटपुटला. "पाणी सरळ आत शिरणार."

"शिरू दे," बायको म्हणाली. "त्याला तरी दार सापडेल."