अकराची वेळ

गेल्या तीन वर्षांत घड्याळजी उंबरठ्याबाहेर पडला तो पाचदाच, आणि पाचही वेळा थेट इस्पितळात. छातीत धडधड, बोटांना मुंग्या, "अगं, मी चाललो!" दर वेळी हृदय ठणठणीत निघायचं. त्याची बहीण म्हणायची, "नुसती नाटकं! सशाचं काळीज आहे दादाचं." बायकोला तसं म्हणवायचं नाही. घामानं चिंब झालेला त्याचा सदरा तीच पिळायची; नाटकात कुणाला एवढा घाम येत नाही. केसासारखी बारीक स्प्रिंग न चुकता बसवणारे त्याचे हात दाराची बेल वाजली की लटपटायचे.

म्हणून दुकानातून घड्याळं आणणं-पोचवणं तिच्याकडे. पेपरही आधी तिच्याच हातात. अपघात, आजार, निधनवार्ता कात्रीनं कापून मगच तो त्याच्यापुढे जायचा. खिडक्या पडलेला तो पेपर तो मुकाट वाचायचा, काय कापलं ते विचारायचा नाही. मन चिंती ते वैरी न चिंती, आणि या मनाला तर दुसरा धंदाच नव्हता.

चार महिन्यांपूर्वी आंघोळ करताना तिच्या हाताला छातीतली गाठ लागली. ती बातमीही तिनं कापली. तपासणीची वेळ एकदा हुकली, त्या दिवशी तो घरी एकटा राहीना म्हणून. आज अकराला दुसरी होती. "आता उशीर परवडणार नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

"दुकानात जाऊन येते," ती चपला घालत म्हणाली. आवाजात काय होतं कोण जाणे, त्याच्या छातीत पुन्हा तीच धडधड सुरू झाली. दहा वाजता दोघं पुन्हा त्याच इस्पितळात, तळमजल्यावर. तिला जायचं होतं ते दुसऱ्या मजल्यावर.

"हृदय छान आहे," तरुण डॉक्टर म्हणाला. "हा चिंतेचा आजार आहे, काका. खरा आजार. त्यावर औषधं आहेत, उपचार आहेत. आधी कुणी सांगितलं नाही?"

सांगितलं होतं. गोळ्या कपाटात होत्या. त्यांनीच काही झालं तर, या धास्तीनं त्यानं पाकीट फोडलंच नव्हतं.

अकराला दहा कमी. ती उठली तसं त्यानं तिचं मनगट धरलं. "कुठे निघालीस? जाऊ नकोस गं."

तिला राग आला, बावीस वर्षांच्या संसारात कधी आला नव्हता एवढा.

"अहो, मला वर जायचंय. गाठ आहे माझ्या छातीत. चार महिने झाले!"

खाटेशेजारच्या यंत्रावर नाडीचा आकडा चढत गेला. ब्याण्णव, एकशे दहा, एकशे अडतीस. ओठ पांढरे पडले. "मला... मला का नाही सांगितलंस?" यंत्र कोकलायला लागलं.

ती खाली बसली.

"थट्टा केली हो. जाऊ देईनात म्हणून बोलले काहीतरी. मला कुठे काय झालंय?"

"शपथ घे."

"माझ्या जिवाची शपथ."

त्याला ते खरं हवंच होतं, त्यानं मानलं. तिचा हात छातीशी धरून तो पडून राहिला. आकडा उतरत उतरत ब्याऐंशीवर आला तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि वर तिचं नाव पुकारून झालं होतं.