अपघात की दुर्घटना

आमच्या विभागाला दोन दारं आहेत. त्यातलं एक आपत्कालीन आहे आणि त्याच्यासमोर लोखंडी कपाट उभं आहे. ते हलवावं म्हणून मी अर्ज केले, विनवण्या केल्या, एकदा चांगली भांडलेसुद्धा. कपाट जागचं हललं नाही. औद्योगिक सुरक्षा शिकवणाऱ्या विभागाची ही तऱ्हा. त्यामुळे त्याचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा मला आधी हसूच आलं.

विभागप्रमुख यशदीप सर माणूस वाईट नाही. ते कुणाला नाही म्हणत नाहीत, एवढंच, आणि म्हणूनच त्यांच्या हातून काही होत नाही. रौप्यमहोत्सवाची स्मरणिका काढायची ठरली आणि ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"कौमुदी मॅडम, आपकी मराठी भी अच्छी, हिंदी भी अच्छी. इतिहास तुम्हीच लिहा ना. थोडं गौरवाचं वगैरे. फोटो मी देतो."

गौरवाचं काय लिहिणार, कपाळ? भूगोल विभागाच्या अडगळीच्या खोलीत विभाग सुरू झाला, पहिल्या तुकडीला हेल्मेटं उसनी आणावी लागली, आणि आगीच्या सरावाची घंटा वाजली की अजूनही सगळे चहाची सुट्टी समजून कँटीनकडे निघतात. त्यात आमचा तो पहिल्या सत्राचा पेपर, 'दुर्घटना-लेखन'. साऱ्या विद्यापीठात त्यावरून आमची टिंगल होते, 'डिक्शनरीवाले' म्हणतात आम्हाला. मुलांनी अपघाताचा अहवाल लिहायचा, मग तो वेगवेगळ्या बोलीच्या माणसांना वाचायला द्यायचा आणि त्यांना काय कळलं ते त्यांच्या तोंडून ऐकून यायचं. याला आम्ही 'वाचून घेणे' म्हणतो. हे केल्याशिवाय अहवाल तपासायचाच नाही, हा विभाग सुरू करणाऱ्या श्यामकांत सरांचा नियम. तो पेपर मीच शिकवते आणि दर वर्षी कुरकुरत शिकवते. मुलांना वायुगळती शिकवायची सोडून शब्द कसले शिकवायचे?

श्यामकांत सर तात्यापाऱ्यात, इथल्या जुन्या मराठी वस्तीत राहतात. आता ऐंशीला टेकलेत, पण आवाज खणखणीत आहे. मी वही उघडून बसले आणि म्हटलं, "सर, सुरुवातीपासून सांगा. विभाग का काढावासा वाटला?"

"माझ्या हिंदीमुळं," सर म्हणाले.

मला वाटलं, गंमत करतायत.

"हसू नको. तीसेक वर्षं झाली. अमरावतीहून इकडं हिंदी मुलखात नवीनच आलो होतो, एका रोलिंग मिलमध्ये सेफ्टी ऑफिसर म्हणून. हिंदी म्हणजे काय, मराठीले 'है' लावला का झाली, असं वाटे मले. तिथं शालिग्राम ढोमणे नावाचा फिटर होता. आपल्याच इकडचा, वर्ध्याचा. वर क्रेनच्या रुळावर काम करून राहिला होता. कठडा नव्हता. मी मागून मागून थकलो होतो, पण लावला नव्हता त्यायनं. पडला वरून. गेला. अहवाल मी लिहिला. 'शालिग्राम की मृत्यु अपघात से हुई.'"

"मग?"

"बरोबर वाटलं ना तुले? मलेही वाटलं."

ऑफिसातले मोठे बाबू गुजराती होते. गुजरातीत आपघात म्हणजे आत्महत्या. त्यांनी वाचलं आणि बिचारे हळहळले, जीव का दिला असेल पोरानं, म्हणून. त्यांच्या मनात पाप नव्हतं. पण मालकांच्या ते पथ्यावर पडलं. सर दुरुस्त अहवाल घेऊन धावत गेले, तर मालकांनी त्यांच्यासमोर हिंदीचा कोश उघडून ठेवला. अपघात या शब्दाचा तोही एक अर्थ हिंदीत दिलेला होताच. सेफ्टी ऑफिसरनंच आत्महत्या लिहिलंय, मग कठड्याचा प्रश्न येतो कुठं? प्रकरण तिथंच मिटलं. सरांनी नोकरी सोडली, पुढं कितीतरी वर्षं विद्यापीठाच्या पायऱ्या झिजवल्या आणि हा विभाग उभा केला. 'दुर्घटना-लेखन' पहिल्या सत्रात का, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं मी त्या पेपरला नावं ठेवत होते.

"त्याची बायको, शांताबाई," सर म्हणाले, "तिले मी स्वतः घरी जाऊन सांगितलं होतं, अपघात झाला म्हणून. मराठीत. पुढं त्या शब्दाचं काय झालं, ते सांगायले मी गेलोच नाही. पाय उचलला नाही माझा. कौमुदी, पहिल्या पानावर हे सगळं लिही. त्याचं नाव, माझं नाव, माझा शब्द. आणि छापायच्या आधी मले तिच्याकडं घेऊन चल. माफी मागायची आहे. एकदा मोकळं व्हायचं आहे मले."

मी वही मिटली आणि नेते म्हणाले.

शांताबाई तेलीबांध्याला राहतात. तलावाकडच्या नव्या उंच इमारतींच्या मागं जुन्या घरांची एक रांग अजून शिल्लक आहे, तिथं. दार त्यांनीच उघडलं. सरांना ओळखायला त्यांना क्षणसुद्धा लागला नाही.

"अगं बाई, साहेब! शर्मिष्ठे, चहा ठेव. ते साहेब आले, मिलवाले!"

शर्मिष्ठा त्यांची मुलगी, शाळेत शिकवते. तिनं स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं, नमस्कार केला आणि चहाचं आधण ठेवलं. पण दाराजवळून हलली नाही, हे माझ्या लक्षात आलं.

शांताबाईंनी सरांना खुर्ची दिली आणि स्वतः खाली बसल्या. "मॅडम, तुमाले सांगते, या माणसाचे लय उपकार हायेत आमच्यावर. आमचे हे गेले तवा कोणी काई बोले, कोणी काई. यायनं घरी येऊन साफ सांगतलं, बाई, अपघात झाला. तेवढ्या एका शब्दावर उभी राहिली मी. आजपावतर कोणीही विचारलं का मी तेच सांगते. हिंदीवाल्यायलेही तेच सांगते. 'हमारे ये अपघात से गये.'"

सरांनी ओठांशी नेलेला पाण्याचा पेला मध्येच थांबवला.

"पण इथचे लोक मोठे अजब, बापा," त्या पुढं म्हणाल्या. "बाजूची पद्मिनीबेन माहा जीव का प्राण. मी बिमार पडली तर उशापासून हलत नाही. पण आमच्या यायचं नाव काढलं का उठून चालली जाते. सगळेच तसे. बोलणंच बदलवतात. माह्या माणसाले पुरणपोळी किती आवडे, तो गाणं कसं म्हणे, हे कोणापाशी बोलताच नाही आलं मले. काहून असं करत असतील?"

सरांनी पेला खाली ठेवला. "शांताबाई, मले तुमाले एक सांगायचं आहे. तो शब्द..."

"दीदी, ज़रा इधर आइए ना," आतून शर्मिष्ठेची हाक आली. आवाज असा होता की मी उठलेच, आणि उठता उठता सरांच्या खांद्यावर हात दाबला. थांबा म्हणून.

स्वयंपाकघरात चहा उतू चालला होता आणि तिचं तिकडं लक्ष नव्हतं.

"सर को रोकिए, प्लीज़. मुझे पता है वो क्या बोलने आए हैं. स्कूल में एक लड़की ने मेरे मुँह पर बोला था, तेरे पापा ने तो जान दी थी, तेरी मम्मी खुद बताती है. तब समझी मैं. माँ को आज तक नहीं पता. दीदी, सोचिए, इतने साल वो अपने ही मुँह से..." तिनं गॅस बंद केला आणि ओढणीनं डोळे पुसले.

मी बाहेर आले. सर माझ्याकडं पाहत होते, कुणीतरी आपल्याला परवानगी द्यावी तसे. मी मान हलवली. नाही. चहा झाला, पुन्हा यायचं कबूल झालं आणि आम्ही निघालो.

तलावाच्या कडेनं चालताना मी त्यांना सगळं सांगितलं. ते बाकावर बसले.

"पण मी सांगायले नको का? खरं तर हेच आहे ना?"

"खरं आहे. पण सर, तुम्ही मोकळे व्हाल आणि त्या अडकतील. ज्या शब्दावर उभं राहून त्यांनी आयुष्य काढलं, त्याच शब्दानं आपण नवऱ्याला बदनाम करत फिरलो, हे घेऊन त्यांनी आता काय करायचं? माफी तुम्हाला हवी आहे. त्यांनी कुठं मागितली?"

इतकं तोडून बोलायला नको होतं कदाचित. पण मला राग आला होता, आणि त्या माणसाची दयाही येत होती, दोन्ही एकदमच.

"म्हणजे मी असंच राहायचं," ते म्हणाले.

"हो, सर."

"आणि शालिग्राम?"

"त्याचं नाव पहिल्या पानावर जाईल. बरोबर शब्दासकट."

पहिल्या पानावरून यशदीप सरांशी वाजलंच. "मॅडम, पहला पेज तो शुभ होना चाहिए. शुभेच्छा असतात तिथं, मोठ्या लोकायच्या. मेलेल्या माणसानं काहून सुरुवात?"

"शुभेच्छा त्या कपाटावर चिकटवा," मी म्हटलं. "सुरक्षेचा विभाग आहे आपला. कुणीतरी मेलं म्हणूनच निघाला."

त्यांना नाही म्हणता येत नाही हा त्यांचा दोष आयुष्यात पहिल्यांदा माझ्या उपयोगी पडला.

मी एकच वाक्य लिहिलं. 'इस विभाग की नींव में फिटर श्री शालिग्राम ढोमणे की स्मृति है, जो मिल में बिना रेलिंग की ऊँचाई पर काम करते हुए दुर्घटना में चल बसे.' मग वाचून घेतलं. फाटकावरच्या छत्तीसगढी पहारेकऱ्याला दिलं, कँटीनच्या ओडिया आचाऱ्याला वाचून दाखवलं, छापखान्याच्या गुजराती मालकाला दिलं. प्रत्येकाला विचारलं, काय झालं या माणसाला? पहारेकरी म्हणाला, "गिर गे बिचारा. रेलिंग नई रिहिस." बाकी दोघांनीही तेच सांगितलं, कठडा नव्हता म्हणून पडला. त्या दिवशी पहिल्यांदा मी तो पेपर कुरकुर न करता स्वतःच सोडवला असं म्हणायला हरकत नाही.

स्मरणिका छापून आल्यावर सर आणि मी पुन्हा तेलीबांध्याला गेलो. शर्मिष्ठेनं पहिलं पान उघडून आईच्या हातात दिलं. शांताबाईंनी चष्मा लावला आणि हिंदी अक्षरं बोटानं जुळवत वाचायला सुरुवात केली. नवऱ्याच्या नावावर बोट थोडं थांबलं. मग पुढं सरकलं आणि एका शब्दापाशी अडलं.

"दुर्घटना?" त्यांनी वर पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या होत्या. "साहेब, हे काहून बदलवलं? तुमीनं तर अपघात म्हटलं होतं. अपघातच होता तो."

मला वाटलं, आता सर सांगून टाकणार. त्यांचे ओठ हललेही. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, स्मरणिका मांडीवर घेतली आणि छापलेल्या ओळीखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: शालिग्राम ढोमणे यांचे अपघाती निधन झाले. खाली सही केली.

"अपघातच होता, बाई," ते म्हणाले. "छापणाऱ्यायनं हिंदीत लिहिलं, मी मराठीत लिहून दिलं. दोन्हीचा अर्थ एकच."

"असं म्हणा ना मंग," शांताबाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा निवळला. लगेच भिंतीकडं तोंड करून त्यांनी हाक मारली, "पद्मिनीबेन! इधर आओ, देखो हमारे इनका नाम छपा है!"

पद्मिनीबेन पदराला हात पुसत आल्या. जाडजूड, हसऱ्या बाई. कुणाचं नाव छापलंय ते कळलं तसं त्यांचं हसू मावळलं, आणि त्या दारातच घुटमळल्या. शर्मिष्ठेनं उठून त्यांच्या हातात नवी, सरांनी काही न लिहिलेली प्रत दिली आणि ओळीवर बोट ठेवलं. पद्मिनीबेननी वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्या तिथंच, उंबऱ्याजवळ खाली बसल्या.

"शांता," त्यांचा आवाज चिरकला. "दुर्घटना थी? भाईसाब गिर गए थे?"

शर्मिष्ठेनं श्वास रोखून धरला होता. सरांनी डोळे मिटून घेतले होते.

"लो, सुन लो इनकी!" शांताबाई आमच्याकडं बघून हसल्या. "अरे, इतने साल से और क्या बोल रही हूँ मैं?"

पद्मिनीबेन सरकत सरकत शांताबाईंजवळ गेल्या, त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि डोळ्यांतलं पाणी न पुसताच म्हणाल्या, "बता शांता, कैसे थे भाईसाब? सब बता."